भरती कुणाची भारी?

डिसेंबरचा पहिला बुधवार उजाडला की आमच्या ऑफिसात दुपारपर्यंत कुणाचंही लक्ष कामात नसतं. त्या दिवशी अमेरिकेतली बारावीची मुलं आपण कोणत्या विद्यापीठाकडून फुटबॉल खेळणार त्या कागदावर सह्या करायला सुरुवात करतात. सही करणारा सतरा-अठरा वर्षांचा, आणि त्या सहीवर जीव टांगून बसलेला आमचा मॅनेजर पंचावन्नचा. तो टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकला, म्हणजे ‘ॲगी’. पलीकडच्या टेबलावरची बाई टेक्सास विद्यापीठाची, म्हणजे ‘लाँगहॉर्न’. एरवी एकमेकांच्या मुलांची चौकशी करणारी ही दोन शहाणी माणसं त्या बुधवारी एकमेकांशी बोलत नाहीत.

मी डॅलसच्या उत्तरेला ॲलन नावाच्या उपनगरात राहते आणि विमा कंपनीत जोखमीचे आकडे मांडते. प्लेनो, फ्रिस्को, ॲलन या पट्ट्यात मराठी घरं इतकी की गणपतीत मोदकाचे साचे शेजारून उसने मिळतात. आमच्यापैकी बऱ्याच जणांचा इथल्या फुटबॉलशी संबंध येतो तो बँडमधून. माझी मुलगी ॲलन हायस्कूलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. देशातल्या सर्वांत मोठ्या शालेय बँडांपैकी तो एक आहे. शुक्रवारी रात्री सामना असला की आम्ही आई-वडील पाण्याचे क्रेट वाहतो, टोप्यांचे तुरे सांभाळतो आणि मधल्या वेळात मैदानावर काय चाललंय ते बघतो. बघता बघता कळायला लागतं. अकरा-अकरा जण, हेल्मेट, खांद्यांवर पॅड, लंबगोल चेंडू, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. बाकीचे नियम पुढच्या बाकावरचे आजोबा सांगतात, न विचारता.

हे मैदान शाळेचं आहे, हे आधी सांगायला हवं. २०१२मध्ये सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून १८,००० लोक बसतील असं स्टेडियम शाळेसाठी बांधलं. दोन वर्षांत काँक्रीटला भेगा पडल्या म्हणून बंद ठेवावं लागलं आणि २०१५मध्ये ते पुन्हा सुरू झालं. या शाळेचा कायलर मरे नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, मुख्य खेळाडू म्हणून उतरला त्या ४२ सामन्यांत एकदाही हरला नाही, लागोपाठ तीनदा राज्यविजेता झाला. जिथे शाळेचा खेळ इतका मनावर घेतात, तिथे त्या पोरांना पुढे कोण घेऊन जातं याची चुरस किती असेल याचा अंदाज यावा.

व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची निवड ‘ड्राफ्ट’ने होते. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला सर्वांत आधी निवडायची संधी. त्यामुळे दुबळ्यालाही वर यायला वाव राहतो. कॉलेज फुटबॉलमध्ये नेमकं उलटं आहे. इथे मुलगा संघ निवडतो. वरच्या श्रेणीत २०२५मध्ये १३६ विद्यापीठं होती. त्यांच्यासमोर शाळांतून खेळणारी दहा लाखांच्या आसपास मुलं. जो संघ जिंकतो त्याच्याकडे चांगली मुलं जातात, चांगली मुलं गेली की तो आणखी जिंकतो. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी २००७ ते २०२३ या काळात हे चक्र असं फिरवलं की सहा राष्ट्रीय विजेतेपदं पदरात पडली. सेबन डावपेचांत हुशार होतेच, पण मला त्यांची खरी मातब्बरी मुलांच्या घरच्या बैठकीच्या खोलीत दिसते. कोच घरी येतो, आईने केलेलं जेवतो, आजीशी बोलतो. आपल्याकडे मुलगी बघायला येतात तेव्हा जी धांदल असते ती मी इथल्या घरांत कोच यायच्या आदल्या दिवशी पाहिली आहे.

पैसे देऊन मुलं आणायला अर्थातच बंदी होती. आमच्याच डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने ती वारंवार मोडली, तेव्हा १९८७चा त्यांचा अख्खा हंगामच रद्द करण्यात आला. ती शिक्षा इतकी जिव्हारी लागली की तो संघ पुढे कित्येक वर्षं सावरला नाही. ती चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आता काय चाललंय ते पुढे येईलच.

माझे बाबा साताऱ्याला शाळेत गणित शिकवायचे. इथे राहायला आले असताना टीव्हीवर या भरतीची क्रमवारी बघून त्यांनी विचारलं, “अगं, पण एवढ्या पोरांना एका ओळीत लावायचं म्हणजे पेपर कोण तपासतं?”

प्रश्न रास्त होता. पेपर तपासतात काही खासगी कंपन्या: २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन. त्यांची माणसं शाळांचे सामने बघतात, उन्हाळी शिबिरांत उंची, वजन, हातांची लांबी मोजतात, ४० यार्ड पळायला लागलेला वेळ टिपतात. शाळेच्या ॲथलेटिक्स स्पर्धेतली १०० मीटरची वेळ मिळाली तर फारच उत्तम, कारण ती घड्याळावर नोंदवलेली असते, बापाने सांगितलेली नसते. बाकी सगळी मदार ‘हडल’वरच्या व्हिडिओंवर. एका होतकरू मुलाचा असा व्हिडिओ मी नीट बसून पाहिला. जेमतेम चार मिनिटांचा. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला चित्र क्षणभर थांबतं आणि मुलाभोवती लाल वर्तुळ उमटतं, म्हणजे कोचला शोधावं लागू नये. सर्वांत भारी तीन क्षण सुरुवातीलाच, कारण कोच अर्ध्या मिनिटापलीकडे बघेल याची खात्री नसते. हा मुलगा समोरच्याला ढकलत थेट बाजूच्या बाकड्यापर्यंत नेतो, तिथे बसलेले लोक पाय वर घेतात, आणि मागे कर्कश संगीत.

हे सगळं बघून तारे देतात. पाच तारे म्हणजे सर्वोच्च. २४७स्पोर्ट्स साधारण ३२ मुलांना पाच तारे देते, कारण एनएफएल ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. म्हणजे तो तारा केवळ शाबासकी म्हणून दिलेला नसतो. हा मुलगा तीन-चार वर्षांनी पहिल्या फेरीत जाईल असं त्या कंपनीने लेखी सांगितलेलं असतं. त्याखाली चार तारे असलेली तीन-चारशे मुलं, आणि मग तीन तारेवाल्यांची मोठी गर्दी. चार आणि पाच तारेवाल्यांना मिळून ‘ब्लू चिप’ म्हणतात.

यात एक गोम आहे. एखाद्या मुलाला अलाबामाची किंवा जॉर्जियाची ऑफर आली की पुढच्या महिन्यात त्याचा तारा वाढलेला दिसतो. टीकाकार म्हणतात, ही निव्वळ नक्कल झाली. मला तसं वाटत नाही. ज्या कोचची नोकरी या निवडीवर टिकते तो स्वतः येऊन बघून गेला, याहून पक्की माहिती तपासनिसाला कुठून मिळणार? फक्त मग तारे बघून कोचचं कौतुक करताना थोडं जपून करावं. त्यातले काही त्याच्याच ऑफरमुळे उगवलेले असतात.

आमच्या गल्लीतल्या एका मुलाला तीन तारे होते. जागा गार्डची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या पुढ्यात भिंतीसारखं उभं राहायचं. वजन १३० किलो, स्वभावाने गाय. त्याची आई नर्स आहे. सामन्यांच्या वेळी आम्ही दोघी एकाच स्टॉलवर नाचोज विकतो, त्यामुळे मला सगळं आतलं कळायचं. दहावीत असताना त्याला पहिली ऑफर आली. ऑफर येते म्हणजे काय होतं? एक फोन येतो, मग विद्यापीठाच्या गणवेशातलं मुलाचं रंगवलेलं चित्र येतं आणि ते पोराने लगेच आपल्या खात्यावर टाकायचं असतं. हळूहळू तिच्या लक्षात आलं की अशा ऑफर एकेका जागेसाठी डझनांनी वाटलेल्या असतात. मुलाने खरोखर ‘येतो’ म्हटलं तर घेतील का, हे वेगळं विचारावं लागतं. त्यालाही शब्द आहे, ‘कमिटेबल’ ऑफर. पोराने होकार दिला होता. बारावीच्या नोव्हेंबरात त्या विद्यापीठाला चार तारेवाले दोन गार्ड मिळाले आणि कोचने फोन उचलायचं बंद केलं. शेवटी त्याने एका लहान विद्यापीठासाठी सही केली. शाळेच्या जिममध्ये लांबलचक टेबल मांडलं होतं, सगळ्या खेळांच्या मुलांचं एकत्रच. एका टोकाला हा, दुसऱ्या टोकाला टेनिसची स्कॉलरशिप मिळालेली एक तेलुगू मुलगी, मध्ये पोहणारे. त्याच्या आईने नव्या विद्यापीठाचा टीशर्ट आणला होता, पण आकार चुकला होता. तो त्याच्या डोक्यातून खाली उतरेना.

तर आता संघांची तुलना. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे सगळ्या नव्या मुलांचे गुण मिळवायचे. पण मग तीस जणांची सामान्य तुकडी पंधरा हिऱ्यांना मागे टाकेल. सरासरी काढली तर उलटा अन्याय: ज्याने जेमतेम डझनभर मुलं घेतली तो वर जाईल आणि जागा रिकाम्या ठेवल्याबद्दल त्याला कुणी विचारणार नाही. २४७स्पोर्ट्सने यावर तोडगा काढला तो मला धंद्याच्या नजरेने आवडला. तुकडीतल्या सर्वोत्तम मुलाचे गुण जवळजवळ पूर्ण धरायचे, दुसऱ्याचे जरा कमी, तिसऱ्याचे आणखी कमी. हा उतार घंटेच्या आकाराच्या आलेखावर बेतलेला आहे. पंचविसाव्या-सव्विसाव्या मुलापर्यंत येता येता भर नाममात्र उरते. बाबांनी हे ऐकून मान डोलावली. साताऱ्याच्या कुठल्याही शाळेत दहावीचा निकाल अशा रीतीने लावला असता तर पालकांनी मोर्चा आणला असता, असंही म्हणाले.

पण ही झाली एका वर्षाची गोष्ट. मैदानात उतरतो तो संघ चार वर्षांच्या तुकड्यांचा मिळून असतो. म्हणून बड एलियट नावाच्या क्रीडा पत्रकाराने दहा-बारा वर्षांपूर्वी एक साधं माप चालू केलं. मागच्या चार वर्षांत शाळांतून घेतलेल्या एकूण मुलांपैकी ब्लू चिप किती? निम्म्याहून जास्त असतील तर हा संघ राष्ट्रीय विजेता होऊ शकतो, नसतील तर नाही. एवढंच. दरवर्षी सोळा-अठरा विद्यापीठं ही रेघ ओलांडतात, आणि विजेता वर्षानुवर्षं त्यांच्यातूनच निघत आला. २०२३मध्ये अलाबामाचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. त्या वर्षी जिंकलं मिशिगन, जे पन्नाशीच्या जरासंच वर होतं. त्याआधीच्या हंगामात आमच्या फोर्टवर्थचा टीसीयू हा संघ रेघेच्या बराच खाली असूनही अंतिम सामन्यापर्यंत पोचला. अख्खं उत्तर टेक्सास जांभळ्या कपड्यांत हिंडत होतं. जॉर्जियाने त्यांना ६५-७ असं धुतलं.

इथे माझा पेशा मध्ये येतोच. तिशीतल्या दहा हजार लोकांमध्ये यंदा किती दावे येतील, हे मी बऱ्यापैकी अचूक सांगू शकते. त्यातल्या अमुक एका माणसाचं काय होईल, हे मला अजिबात सांगता येत नाही, आणि तसं विचारणाऱ्याला मी विमा घ्या म्हणते. ताऱ्यांचंही असंच आहे. पाच तारेवाल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं पुढे एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये जातात. तीन तारेवाल्यांत हे प्रमाण फारच थोडं. पण तीन तारेवाले संख्येने इतके जास्त की एनएफएलच्या मैदानावर तेच जागोजागी भेटतात. ॲरन डोनाल्डला तीन तारे होते, जे. जे. वॉटला दोन. जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या शेतकरी घरातला. बारावीनंतर वरच्या श्रेणीतल्या एकाही विद्यापीठाने त्याला बोलावलं नाही. तो एका दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजात गेला, देशभरच्या कोचना ईमेल पाठवत राहिला, शेवटी वायोमिंगने घेतलं. २०२४च्या हंगामात तो एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा गोष्टी सांगून लोक तारे म्हणजे थोतांड असं सिद्ध करू पाहतात. सिद्ध एवढंच होतं की सतराव्या वर्षी एकेका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. संघाचं येतं.

बरं, मग २०२२च्या ए अँड एमचं काय? हा विषय मॅनेजरसमोर काढायचा नसतो, इथे काढते. त्या वर्षी ए अँड एमने जमवलेली तुकडी गुणांच्या हिशेबाने तोपर्यंतची सर्वांत भारी तुकडी होती. पाच तारेवालेच आठ. सेबन यांनी जाहीर सभेत म्हटलं की त्यांनी सगळी पोरं विकत घेतली. ए अँड एमचे कोच जिंबो फिशर यांनी दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषद बोलावून सेबन यांचे वाभाडे काढले. त्यानंतर हंगाम सुरू झाला. सप्टेंबरात घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेटसारख्या संघाकडून १७-१४ हार झाली. हंगामाअखेर पाच विजय, सात पराभव. वर्षभरानंतर फिशर यांना काढलं, आणि करार मोडल्याबद्दल त्यांना द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. काम न करण्याचे.

ती मुलं वाईट होती का? मुळीच नाही. वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट हे त्याच तुकडीतले दोघे २०२५च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत गेले. तारे देणाऱ्यांनी पेपर बरोबर तपासला होता. पण नोलन तोवर मिसिसिपीकडून खेळत होता. एल. टी. ओव्हरटन अलाबामाला गेला, एव्हन स्टुअर्ट ओरेगनला, अँथनी लुकास सदर्न कॅलिफोर्नियाला. भरती ए अँड एमने केली आणि तिचा उपभोग दुसऱ्यांनी घेतला. शिवाय, एका वर्षाचं पीक कितीही जोमदार असलं तरी त्याच्या मागेपुढे कुणी नसेल तर अठरा वर्षांच्या पोरांना बावीस वर्षांच्या बाप्यांसमोर उभं करावं लागतं. कोच कर्बी स्मार्ट यांनी जॉर्जियात अशी तुकडी दरसाल आणली. म्हणून २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं, आणि २०२२च्या एकाच ड्राफ्टमध्ये त्यांचे १५ खेळाडू. गंमत अशी की या रत्नांच्या मधोमध क्वार्टरबॅक म्हणून दोन्ही वर्षं जिंकून देणारा स्टेटसन बेनेट हा मूळचा ‘वॉक-ऑन’, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय स्वतःहून येऊन उभा राहिलेला. त्याला संघ सोडून एका छोट्या कॉलेजात जाऊन परत यावं लागलं होतं.

मुलं अशी निघून जाऊ लागली ती ‘ट्रान्सफर पोर्टल’मुळे. पूर्वी संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसावं लागे. आमचा कायलर मरे ए अँड एम सोडून ओक्लाहोमाला गेला तेव्हा २०१६चं वर्ष त्याने असंच काढलं आणि मग २०१८मध्ये कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं हाइसमन पारितोषिक मिळवलं. २०२१पासून ही बसायची अट गेली. त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर पैसे मिळवायची मुभा मिळाली. २०२५च्या जूनमध्ये कोर्टाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर तर विद्यापीठंच थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षीची मर्यादा सगळ्या खेळांना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. त्याबाहेर माजी विद्यार्थ्यांच्या थैल्या आहेतच. पश्चिम टेक्सासमधल्या टेक्सास टेकच्या मागे कोडी कॅम्पबेल हे तेलवाले अब्जाधीश उभे राहिले, आणि २०२५मध्ये टेक पहिल्यांदाच बिग १२ या आपल्या विद्यापीठगटाचं विजेतं झालं. ज्या गोष्टीसाठी सदर्न मेथडिस्टचा हंगाम रद्द झाला, ती आता अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून असते. मला यात मुलांच्या बाजूने वाईट काही दिसत नाही. कोचला कोट्यवधी मिळत होते तेव्हा पोरांना फक्त जेवण आणि फी मिळायची.

या सगळ्याचा कळस इंडियानाने केला. पिढ्यान्पिढ्या हरण्यासाठी ओळखला जाणारा हा संघ. २०२३च्या अखेरीस कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले ते आपल्या जुन्या विद्यापीठातली अनुभवी मुलं बरोबर घेऊनच. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाला शाळेत असताना मोठ्या संघांनी फारसं विचारलं नव्हतं. तोही आधी दुसरीकडे खेळून, तयार होऊन आला आणि त्याने हाइसमन जिंकलं. जानेवारी २०२६च्या अंतिम सामन्यात इंडियानाने मायामीला त्यांच्याच गावात २७-२१ असं हरवलं. सोळापैकी सोळा सामने जिंकले. ब्लू चिप प्रमाण पन्नाशीच्या आसपासही नव्हतं. आणि हे सिग्नेटी एकेकाळी अलाबामात सेबन यांच्या हाताखाली भरतीचंच काम बघायचे! तारे कसे गोळा करतात हे ज्याला आतून ठाऊक, त्यानेच त्यांच्यावाचून करून दाखवलं.

म्हणून एलियटची रेघ पुसायची का? एका अपवादाने मी तरी दर बदलत नाही. पण त्या मापात फक्त शाळेतून आलेली मुलं धरतात, आणि आता निम्मा संघ पोर्टलमधून भरता येतो. मला कुणी तक्ता करायला सांगितला तर मी सहीच्या दिवशीचे गुण मोजणारच नाही. तिसऱ्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला त्या तुकडीतली किती मुलं त्याच गणवेशात उभी आहेत, ते मोजेन. त्या तक्त्यात २०२२चं ए अँड एम कुठे येईल ते मॅनेजरला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

पोर्टलचा खरा फटका बसतोय तो मधल्या मुलांना. तीन तारेवाल्या अठरा वर्षांच्या पोराला दोन वर्षं पोसून तयार करण्यापेक्षा दुसऱ्याने तयार केलेला एकवीस वर्षांचा गडी कोचला परवडतो. गल्लीतल्या त्या गार्डचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे. घरात हे सगळं एकदा होऊन गेल्यामुळे त्याने किकर व्हायचं ठरवलंय आणि संध्याकाळभर आमच्या मागच्या कुंपणावर चेंडू मारत असतो. या कंपन्या किकरना तिनाच्या वर तारे क्वचितच देतात, तेव्हा त्या घरात आता यादी उघडून बघायचा प्रश्नच मिटला.